डाग पडला नाही

पडवीत कुणीतरी खाकरलं आणि मागोमाग आवाज आला, "डॉक्टर मसुरकर आहेत ना? त्यांना म्हणावं, वालावलहून तेंडोलकर आलेत." श्रीपाद एका म्हातारीची पापणी उलटी धरून आत वळलेले केस चिमट्यानं उपटत होता. त्याचा हात जागच्या जागी थांबला. "काय झाला रे बाबा?" म्हातारी म्हणाली. "काय नाय गो आजी, हलू नको," असं म्हणून त्यानं उरलेले केस फार सावकाश, एकेक करून उपटले. एवढा सावकाश तो कधीच काम करत नसे. आवाज बदलला नव्हता. जरा जाड झाला होता, खालच्या पट्टीत गेला होता, पण वाक्य संपताना शेवटच्या शब्दावर अंगठा ठेवल्यासारखा दाब देण्याची लकब तीच होती. गेली बारा-तेरा वर्षं श्रीपाद या आवाजाशी भांडत आला होता. दाढी करताना, जेटीवर एकटाच उभा असताना, देवगडच्या तपासणी शिबिराहून परतताना एस.टी.च्या खिडकीशी बसून त्यानं या आवाजाला उत्तरं दिली होती. दरवेळी ती अधिक धारदार होत गेली होती. त्या भांडणांत समोर मोठं सभागृह असायचं, खुर्च्यांवर डॉक्टर बसलेले असायचे आणि तेंडोलकर व्यासपीठावर घाम पुसत असायचे. ते असे आपल्याच पडवीतल्या बाकावर, चपला काढून, मासे विकून आलेली एक बाई आणि डोळ्यावर पट्टी बांधलेला एक खलाशी यांच्या मध्ये बसतील, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. म्हातारीला त्यानं मलम दिलं, ते कसं लावायचं ते दोनदा सांगितलं. मग हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले. आणि "पुढचे कोण?" असं नेहमीच्याच सुरात म्हणता आलं याचा त्याला एक विलक्षण आनंद झाला.

तेंडोलकर आत आले तेव्हा त्यानं पहिल्यांदा पाहिले ते त्यांचे डोळे. सवयच ती. बाकीचा माणूस मागाहून. डोळे बारीक केलेले, पापण्यांची सतत उघडझाप, कडांना किंचित लाली. "मसुरकर! अरे, तूच ना तो? माझ्याकडे होतास तू," तेंडोलकर म्हणाले आणि त्यांनी चक्क त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला गावात सांगितलं, मालवणात एक चांगला डोळ्यांचा डॉक्टर आहे. नाव ऐकलं आणि म्हटलं, हा तर आपलाच मुलगा!" आपलाच मुलगा. म्हणजे यांना काहीच आठवत नव्हतं. श्रीपादनं खुर्ची पुढे केली. "बसा, सर." सर हा शब्द ओठांतून इतका सहज गेला की त्याचा त्यालाच राग आला. तेंडोलकर सांगत होते: निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, वालावलला तळ्याच्या बाजूला घर बांधलंय, नेत्रविद्येवर मराठीतून एक ग्रंथ लिहायला घेतलाय. पण वाचायला बसलं की पान संपत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. जळजळतं. कपाळ जड होतं. चष्मा दोनदा बदलून झाला.

वाळू गेल्यासारखं. हेच शब्द. अक्का मुंबईला गिरणीतून घरी यायची, चुलत्यांच्या त्या दोन खोल्यांत कोपऱ्यात पाय दुमडून बसायची आणि ओलं फडकं डोळ्यांवर धरून म्हणायची, "रेंव गेल्यासारखी वाटता रे डोळ्यांत." श्रीपादहून ती सहा वर्षांनी मोठी. बाप गेल्यावर मसुऱ्याचं घर बंद करून आईला मामाकडे ठेवून ती भावाला घेऊन मुंबईला आली. गिरणीच्या कापड तपासायच्या खात्यात तिला काम मिळालं. काचेचं टेबल, काचेखाली झगझगीत दिवे, आणि वरून दिवसभर सरकत जाणारं पांढरं कापड. कुठं धागा तुटलाय, कुठं गाठ आलीय, कुठं तेलाचा ठिपका पडलाय, ते पाहून खडूनं खूण करायची. पापणी लवली तर ठिपका निसटतो, म्हणून पापणी लववायची नाही. रविवारीसुद्धा, डोळे मिटले तरी कापड सरकताना दिसतं, असं ती सांगायची आणि हसायची. त्या कापडावर श्रीपादचं वैद्यकीचं शिक्षण झालं. तो डॉक्टर झाला, डोळ्यांच्या विभागात तेंडोलकरांच्या हाताखाली लागला, तेव्हा अक्कानं चाळीत पेढे वाटले. "आता माझे डोळे घरातच बघूक होयत," ती म्हणाली होती.

आणि त्याच वर्षी तेंडोलकरांनी ते संशोधन हाती घेतलं. कापड तपासणाऱ्या बायका डोळ्यांच्या तक्रारी करून रजा मागतात, त्यांतल्या खऱ्या किती आणि खोट्या किती, हे गिरणीच्या मालकांना हवं होतं. तेंडोलकरांना हवं होतं ते याहून मोठं. डोळ्यांवरचा ताण दिसत नाही, मोजता येत नाही, रोग्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो, हे त्यांना डॉक्टर म्हणून अपमानाचं वाटे. त्यांच्यापाशी रोझ बेंगाल होता. नाव अत्तरासारखं, बाटलीतला रंग पिकलेल्या कोकमाच्या रसासारखा. डोळ्यात थेंब टाकायचा आणि धुऊन काढायचा. बुबुळाचा किंवा पांढऱ्या भागाचा पृष्ठभाग जिथं कोरडा पडला असेल, मेला असेल, तिथं रंग धरून राहतो आणि भिंगातून गुलाबी ठिपके दिसतात. निरोगी डोळा रंग धरत नाही. तेंडोलकरांचं म्हणणं सरळ होतं: जिच्या डोळ्यांत डाग पडेल तिचं दुखणं खरं, जिच्या पडणार नाही तिनं टेबलावर परत जावं. "बायका खोटं बोलतील," ते वर्गात म्हणत, "रंग बोलणार नाही." थेंब टाकायचं काम श्रीपादकडे होतं. तो थेंब भयंकर झोंबायचा. आधी डोळा बधिर करावा, तर बधिर करणाऱ्या औषधानंसुद्धा पृष्ठभाग थोडा खरवडला जातो आणि निकाल बिघडतो, म्हणून तसाच टाकायचा. बायका बाकाची कड घट्ट धरून बसत, त्यांच्या गालांवरून लाल पाणी ओघळे, आणि काही जणी त्याही अवस्थेत त्यालाच विचारत, "डाग पडलो काय हो डॉक्टर? बघा ना नीट." डाग पडावा म्हणून देवाची करुणा भाकणाऱ्या बायका त्यानं तिथं पाहिल्या. आणि हळूहळू त्याच्या लक्षात येत गेलं की रंग आणि दुखणं यांचा मेळ बसत नाही. कुणाच्या डोळ्यांत ठिपकेच ठिपके, आणि ती म्हणे, मला काही होत नाही. कुणी दुखण्यानं मान वर करू शकत नसे, आणि तिचा डोळा आरशासारखा स्वच्छ. असं एखाद-दुसरीचं असतं तर गोष्ट वेगळी. पण असं वरचेवर होत होतं.

अक्काची पाळी आली त्या दिवशी तेंडोलकर स्वतः भिंग घेऊन बसले होते. अक्कानं बाकाची कड धरली नाही, हात मांडीवर ठेवले. थेंब श्रीपादनंच टाकला. तेंडोलकरांनी पाहिलं आणि तेच ठरलेलं वाक्य उच्चारलं, "डोळे स्वच्छ आहेत. कामावर जायला हरकत नाही." श्रीपाद म्हणाला, "सर, डाग नसला तरी दुखत असू शकतं. बऱ्याच जणींत मी हे पाहिलंय. आणि ही माझी बहीण आहे, सर. मी हिला रोज पाहतो." तेंडोलकरांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणूनच तुला दुखणं दिसतं, मसुरकर," ते म्हणाले. "रंगाला बहीण नसते." खोलीत बसलेले विद्यार्थी हसले. अक्काला ते वाक्य आणि ते हसणं, दोन्ही कळलं. तिनं पदरानं गाल पुसले. पदरावर लाल डाग उमटले आणि ते धुऊन गेले नाहीत. ती टेबलावर परत गेली. पावसाळा संपेपर्यंत काम करत राहिली, रात्री झोप नाही, दिवसा डोळे चोळायचे. उजव्या बुबुळावर जखम झाली, ती चिघळली आणि तिथं फूल पडलं. त्या अवस्थेत रंग टाकला असता तर लांबूनसुद्धा डाग दिसला असता. पण तेव्हा रंग टाकायला कुणी सांगितलं नाही. त्याच थंडीत कुठल्या तरी परिषदेत तेंडोलकरांनी आपला निबंध वाचला आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. श्रीपाद तेव्हा तिथं नव्हता. विभागातून त्याला आधीच बाहेर काढलं होतं, शिस्त मोडली म्हणून.

"मग, काय म्हणतोस? तपासून घे बघू," तेंडोलकर खुर्चीत मागे रेलत म्हणाले. श्रीपादनं बॅटरीच्या झोतात डोळे पाहिले, भिंग लावून पाहिले. मग कपाटाकडे गेला. कपाटात पुढच्याच रांगेत बाटली होती. न झोंबणारी दुसरी एक तपासणी त्याला करता आली असती, पण त्यानं ती बाटली उचलली. "रोझ बेंगाल टाकून बघू, सर." "अरे वा! ठेवलायस अजून?" तेंडोलकरांचा चेहरा खुलला. "ठेवलाय." बधिर करणाऱ्या थेंबांची बाटली शेजारीच होती. तेंडोलकरांची नजर तिच्यावर गेली हे श्रीपादनं पाहिलं. "ते घातले तर निकाल बिघडतो," तो नम्रपणे म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत." "बरोबर. अगदी बरोबर," म्हाताऱ्यानं मान मागे टाकली. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. श्रीपादनं खालची पापणी ओढली आणि थेंब टाकला. मग दुसऱ्या डोळ्यात. तेंडोलकरांची बोटं खुर्चीच्या हातांवर आवळली, तोंडातून एक बारीक शीळ निघाली, आणि लाल पाणी सुरकुत्यांतून वाट काढत त्यांच्या पांढऱ्या मिशीपाशी आलं. श्रीपाद पाहत राहिला. डोळे लगेच धुवायचे असतात. त्यानं लगेच धुतले नाहीत. त्याच्या छातीत काहीतरी ऊबदार, दाट, गोड असं पसरत गेलं. हे असं होतं तर, त्याच्या मनात आलं, एवढं सोपं होतं.

त्याच वेळी आतल्या दारातून अक्का चहा घेऊन आली. दवाखान्यात कुणी जुनं ओळखीचं माणूस आलंय एवढंच तिला पडवीतल्या बाईकडून कळलं होतं. कपबशी हातात धरून ती उंबऱ्यावर उभी राहिली. उजव्या डोळ्यावर पांढरं फूल, डावा डोळा खुर्चीतल्या माणसाच्या लाल गालांवर. तिनं त्याला ओळखलं, हे श्रीपादला तिच्या हातांवरून कळलं. कपबशी तिनं छातीशी ओढून घेतली. "कोण आलंय?" तेंडोलकरांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं. "चहा आणलाय," श्रीपाद म्हणाला. "साखर कमी आहे ना? मला मना आहे." अक्का टेबलावर कप ठेवून आत गेली.

श्रीपादनं डोळे धुतले आणि भिंग लावलं. उजवा डोळा, डावा डोळा. वर बघा, खाली बघा, आत बघा. कुठंच काही नव्हतं. एक ठिपका नव्हता. बुबुळ पहाटेच्या तळ्यासारखं नितळ होतं. डाग नाही, आणि दुखणं तर समोर धडधडीत दिसत होतं. माणूस पापण्या मिटून घेत होता, उजेडाकडून तोंड फिरवत होता. वरचेवर पाहिलेला तोच प्रकार. एवढ्या बायकांच्या डोळ्यांत ज्यानं तो पाहायचं नाकारलं, त्याच्याच डोळ्यांत तो आता येऊन बसला होता. श्रीपादला वाटलं, हे आपण रचून आणलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. त्यानं भिंग खाली ठेवलं. "डोळे स्वच्छ आहेत, सर," तो म्हणाला. प्रत्येक शब्द तो चवीनं उच्चारत होता. "काम करायला हरकत नाही." आणि तो थांबला. म्हाताऱ्याचा चेहरा पडेल, तो म्हणेल, अरे पण दुखतंय रे, नीट बघ ना, अशी वाट पाहत थांबला. तेंडोलकरांनी रुमालानं गाल पुसले. मग ते हसले. अगदी मनापासून हसले. "बघ! मी आमच्या हिला हेच सांगत होतो, घरी. मनाचे खेळ आहेत. रिकामपण आलं की माणूस दुखणी काढतो. रंगानं निकाल दिला, संपलं." चहा त्यांनी घोट घोट घेऊन संपवला, चांगला झालाय म्हणाले, आणि दुपारच्या गाडीनं गेले.

त्या दिवशी बाकीचे रोगी श्रीपादनं कसे तपासले ते त्याला आठवलं नसतं. संध्याकाळी जेवताना अक्कानं त्याच्या ताटात सोलकढी वाढली आणि समोर बसली. "वळाखलंय मी तेका," ती म्हणाली. "काय झाला तेच्या डोळ्यांक?"

"काय्येक नाय."

"दुखत तर होते."

"दुखतत. पण डाग नाय पडलो. अक्का, एक सुद्धा नाय. मी तेका तांच सांगलंय. तेणां तुका सांगलेला तांच. डोळे स्वच्छ आसत, काम करूक हरकत नाय." हे सांगताना त्याला हसू येत होतं. ते तिच्याही तोंडावर उमटेल म्हणून तो पाहत राहिला.

अक्कानं बोटानं ताटाच्या कडेचं मीठ सारखं केलं. "मगे? तो काय बोललो?"

"काय बोलतलो? खूश होऊन गेलो."

"खूश झालो?" अक्का म्हणाली. एवढंच म्हणाली आणि ताट उचलून मागल्या दारी गेली.

ते दोन शब्द त्याला झोपू देईनात. रात्रभर तो त्यांना उत्तरं देत राहिला. खूश झाला म्हणून काय झालं, दुखतंय ना त्याला? दुखू दे. पण मनाच्या तळातून एक किडा वर येत होता. ज्या नियमानं अक्काचा डोळा गेला तो नियम आज श्रीपाद मसुरकरानं स्वतःच्या हातांनी त्या म्हाताऱ्याच्या अंगावर शालीसारखा पांघरला होता. तू बरोबर होतास, असं सांगून त्याला घरी पाठवलं होतं. पुढचे दिवस तो हा किडा चिरडत राहिला. नेहमीची कामं केली, धुरीवाड्यातल्या एका बाईचा मोतीबिंदू काढला, संध्याकाळी जेटीवर जाऊन होड्या येताना पाहिल्या. आणि मग एका सकाळी वालावलचे भिकाजी मास्तर चष्म्याचा नंबर काढून घ्यायला आले. बोलता बोलता म्हणाले, "तुमचे ते तेंडोलकर डॉक्टर म्हणजे मोठा निग्रहाचा माणूस हो. डोळे लाल झालेत, पाणी घळाघळा वाहतंय, तरी दिवसभर वाचत बसतात. मी म्हटलं, विश्रांती घ्या. तर म्हणाले, मसुरकरानं रंग टाकून पाहिलंय, काही नाही. मनाला जितकं नाही म्हणावं तितकं ते वठणीवर येतं. चोळतात मात्र फार. बुबुळाचं सालटं निघेल एखाद दिवस."

सालटं निघेल. मास्तर गेल्यावर श्रीपादनं पडवीचं दार लोटून घेतलं. चोळतात फार. झोप नसेल. लाली वाढलीय. हा रस्ता त्याच्या ओळखीचा होता. त्या रस्त्याच्या टोकाला काय आहे ते तो रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहत होता. आता काही करायचंसुद्धा नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. थोडे आठवडे, कदाचित तेवढेही नाहीत. कुणी विचारणार नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं. विचारलंच तर सांगायला होतंच, मी तपासलं, रंग टाकला, डाग नव्हता. नियम त्यांचाच. खुर्चीत बसून श्रीपादनं डोळे मिटले आणि त्याला ते दिसलं: पांढऱ्या मिशीच्या वर, सुरकुत्यांत, एक गढूळ पांढरा ठिपका. तो ठिपका त्यानं हवा तेवढा वेळ पाहिला. त्याला भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. उलट अंगातून एक समाधानाची शिरशिरी गेली, तहानेनं कोरड्या पडलेल्या माणसानं लांबून पाण्याचा आवाज ऐकावा तशी. मग त्याला दिसलं की ठिपका घेऊनसुद्धा तो म्हातारा हसतोच आहे. पुढे जखम झाली, काय करणार, पण त्या दिवशी डाग नव्हता, त्या दिवशी काही नव्हतंच, रंगानं सांगितलं होतं, असं म्हणत हसतोय. एक डोळा गेला तरी त्याला काहीच कळणार नव्हतं.

अक्का मागल्या पडवीत तांदूळ निवडत होती. सूप तोंडाजवळ धरून, डावा डोळा अगदी बारीक करून ती खडे शोधायची. श्रीपाद तिच्या शेजारी खाली बसला. मास्तरांनी सांगितलेलं त्यानं सगळं सांगितलं, आणि पुढे काय होईल तेही सांगितलं. मग म्हणाला, "मी वालावलाक जावचंय नाय."

अक्काचा हात सुपात फिरत राहिला. "आंधळो झालो तर माका काय गावतला?" ती म्हणाली. "दोन आंधळी माणसां. मगे?"

"तेका भोगूक होया, अक्का."

"भोगूक होयाच." तिनं सूप खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात असं काही होतं की श्रीपादनं तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिनं त्या माणसाबद्दल एक वाईट शब्द काढला नव्हता, आणि तो समजत आला होता की तिनं सगळं सोडून दिलंय, राग फक्त आपणच एकट्यानं सांभाळलाय. "माझो डोळो गेलो तेचा माका काय नाय. पडलंय असतंय, झाडाचो काटो लागलो असतो, तरी गेलोच असतो. पण तेणां त्या पोरांसमोर माका लबाड केल्यान. मी घराक इलंय, आरशात बघलंय, आणि माझा माकाच वाटूक लागला, खराच दुखता काय गो तुझा? की सोंग करतंस? डोळो फुटासर मी माकाच इचारत होतंय." ती थांबली. "तू तेका सांगून धाडलंस, तुका काय नाय. म्हणजे तो आजूनय खरोच. जा, आणि तेका सांग, तुका दुखता म्हणान. डाग नाय, आणि दुखता. ह्या दोनय एका वेळाक तेच्या गळ्यात बांध. मगे बसां दे तेका इचार करीत."

दुसऱ्या दिवशी श्रीपाद वालावलला गेला. आदल्या संध्याकाळी त्यानं बसून थेंब तयार केले होते, डोळ्यातल्या पाण्यासारखे पण जरा दाटसर, कोरड्या डोळ्याला ओलावा धरून ठेवणारे. ते गाळताना, बाटली उकळताना त्यानं जितकी काळजी घेतली तितकी अक्काच्या डोळ्याच्या वेळीच घेतली होती. नेरूरपारला गाडीतून उतरून त्यानं होडीनं खाडी ओलांडली, नि माडांच्या सावलीतून देवळाच्या बाजूनं चालत गेला. तळ्याच्या काठाला शेवाळं होतं, पाणी हलत नव्हतं. तेंडोलकरांच्या पत्नी मथुराकाकी अंगणातच भेटल्या. "बरे आलात हो तुम्ही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला म्हणतात काही नाही, आणि चूळ भरायच्या तांब्यात रुमाल बुडवून डोळ्यांवर धरून बसतात, मी बघत नाही असं बघून."

तेंडोलकर खिडकीशी टेबलावर वाकून बसले होते. डोळे मास्तर म्हणाले होते त्याहून वाईट होते. श्रीपादनं बसायलाही वेळ घेतला नाही. "सर, त्या दिवशी मी तुम्हांला खोटं सांगितलं."

"म्हणजे? डाग होता?"

"नव्हता. डाग नव्हता. आणि तुमचे डोळे दुखतायत. दोन्ही खरं आहे."

"हे शक्य नाही." वाक्याच्या शेवटच्या शब्दावर तोच दाब. "डाग नाही तर इजा नाही. आणि इजा नाही तर..."

"डोळे पुसा, सर. पाणी पुस्तकावर पडतंय."

तेंडोलकरांनी पुस्तक बाजूला सारलं. बराच वेळ ते वाद घालत राहिले. रंग शिळा असेल म्हणाले, बॅटरीचा उजेड अपुरा असेल म्हणाले, आपलं मन म्हातारं झालंय म्हणाले. शेवटचं त्यांनी जरा आशेनं म्हटलं. श्रीपादनं खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. "यात रंग नाही. झोंबणार नाही. हे औषध मनावर चालत नाही, फक्त डोळ्यावर चालतं. टाकून पाहू. आराम पडला नाही, तर मनाचे खेळ. मी पुन्हा येणार नाही. आराम पडला तर दुखणं खरं होतं."

म्हाताऱ्यानं बाटलीकडे पाहिलं, मग श्रीपादकडे. तो मूर्ख नव्हता. या थेंबाच्या पलीकडे काय आहे ते त्याला दिसलं असावं, कारण तो म्हणाला, "नकोच ते. मला काही होत नाही." तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या मथुराकाकी पुढे आल्या, त्यांनी नवऱ्याच्या हातातला चष्मा काढून घेतला आणि म्हणाल्या, "टाका हो तुम्ही." तेंडोलकरांनी मान मागे टाकली. श्रीपादनं पापणी ओढली, थेंब टाकला, दुसऱ्या डोळ्यात टाकला आणि म्हणाला, "मिटा. उघडा. मिटून ठेवा."

 तळ्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं. आधी म्हाताऱ्याच्या कपाळावरची आठी गेली. मग भुवया खाली आल्या, मग जबडा सैल झाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पापण्या नुसत्या, बळ न लावता मिटून राहिल्या. त्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं सुख पसरलं. श्रीपाद ते पाहत उभा राहिला. त्या दिवशी लाल पाण्याकडे पाहिलं होतं तसाच, लक्ष देऊन. आणि मग, ते सुख चेहऱ्यावर असतानाच, त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं. ओठ हलले. पुन्हा मिटले. "किती वर्षं मी हे..." तेंडोलकर म्हणाले आणि थांबले. मथुराकाकींना वाटलं, आराम पडला म्हणून बोलतायत. त्या हसल्या.

"पुष्कळ होत्या त्या, नाही?" मिटल्या डोळ्यांनी तेंडोलकरांनी विचारलं.

"पुष्कळ."

"सगळ्यांना मी परत पाठवलं. ज्यांना डाग नव्हता त्या सगळ्यांना." आणि मग, "तुझी बहीण होती त्यांत. तू काहीतरी बोलला होतास. मी काहीतरी उत्तर दिलं होतं, सगळे हसले होते. काय बोललो मी?"

श्रीपाद बाटलीचं बूच बोटांत फिरवत राहिला.

"कशी आहे ती?"

"उजवा डोळा गेला. मी माझ्या घरी ठेवलंय तिला. त्या दिवशी तिनंच तुम्हांला चहा दिला."

तेंडोलकरांनी डोळे उघडले. ते आता निवळले होते, त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि ते श्रीपादला शोधत होते. "तिचं नाव काय, मसुरकर?" आवाजात दाब नव्हता. "मला तिचं नाव सांग. मी तिच्याकडे येईन. येऊन..."

नाव श्रीपादच्या जिभेवर होतं. तीन अक्षरांचं, सुगंधा. ते सांगितलं असतं तर म्हाताऱ्याला हात टेकायला एक जागा मिळाली असती. पुढच्या आठवड्यात तो मालवणला आला असता, पडवीत उभं राहून हात जोडले असते, अक्कानं त्याला बसायला पाट दिला असता, आणि परतीच्या होडीत तो बऱ्या झालेल्या डोळ्यांनी खाडीचं पाणी पाहत हलक्या मनानं घरी आला असता. एका बाईची माफी मागून बाकीच्या सगळ्या फिटल्या असत्या. श्रीपादनं बाटलीचं बूच घट्ट केलं, ती मथुराकाकींच्या हातात दिली, आणि थेंब दिवसातून कधी कधी टाकायचे ते त्यांना नीट समजावून सांगितलं. संपले तर निरोप पाठवा, मी स्वतः आणून देईन, म्हणाला. डोळे पूर्ण बरे होतील. मग तो दाराशी वळला.

"मला नाव सांगायला सांगू नका, सर," तो म्हणाला. "एकेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आणा आणि तुम्हीच आठवा."